शिकारी रायफलीची गोळी

शिकारी रायफलीची गोळी : (हरणांच्या शिकारीतील निवड). रायफलीच्या काडतुसातील जो धातूचा भाग दारूच्या ज्वलनाने नळीबाहेर फेकला जाऊन लक्ष्यावर आदळतो, त्यास गोळी म्हणतात. बोलीत संपूर्ण काडतुसालाच गोळी म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु काडतूस हे पितळी कोश, टोपी, दारू व गोळी या चार घटकांचे मिळून बनते आणि शिकारीत जनावराच्या शरीराशी संबंध येतो तो केवळ अखेरच्या घटकाचा. रायफल आणि तिच्यावरील दुर्बीण यांसाठी शिकारी मोठा खर्च करतो, मात्र गोळीची निवड पुष्कळदा दुकानात जी मिळेल तिच्यावर सोडतो. गोळी चुकीची असेल, तर उत्तम रायफलीने अचूक मारलेले हरिणही जखमी अवस्थेत निसटते व दोनतीन दिवसांनी झुडपात मरून पडते. या विषयाला जे महत्त्व आहे, ते मुख्यत्वे या कारणामुळे.

मराठीत हरिण या शब्दात दरवर्षी शिंगे गळणारे मृग (चितळ, सांबर, भेकर इ.) आणि शिंगे कायम राहणारे कुरंग (काळवीट, चिंकारा इ.) या दोहोंचा समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत पहिला गट अभिप्रेत असून विवेचन प्रामुख्याने उत्तर अमेरिका व यूरोप येथील शिकारीस धरून केले आहे. लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू नाहीसे झाल्यामुळे तेथील अनेक प्रदेशांत हरणांची संख्या शिकारीनेच आटोक्यात ठेवावी लागते आणि आधुनिक गोळीचा विकासही बव्हंशी तेथेच झाला. या हरणांच्या आकारमानात फार तफावत असते. ब्रिटनमधील रो हरिण २० ते ३० किग्रॅ. वजनाचे असते, अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा पूर्ण वाढलेला नर बहुधा ६० ते १३० किग्रॅ. भरतो, वापिटीचा नर ३०० किग्रॅ.च्या पुढे जातो, तर मूस ५०० किग्रॅ.पर्यंत व त्याहूनही मोठा असतो. तेव्हा ‘हरणाची गोळी’ अशी एकच गोळी असू शकत नाही, हे उघड आहे.

गोळीचे कार्य : गोळीच्या धक्क्याने हरिण कोसळते, हा समज सार्वत्रिक असला तरी बरोबर नाही. गोळीचा संवेग रायफलीच्या दस्त्याने शिकाऱ्याच्या खांद्यास दिलेल्या धक्क्याएवढाच, किंबहुना किंचित कमी असतो; त्याने ७०-८० किग्रॅ.चे जनावर उलथून पडत नाही. प्रत्यक्षात मृत्यू दोन प्रकारे येतो. मेंदू किंवा पाठीच्या कण्याचा मानेजवळचा भाग छिन्न झाल्यास तो तत्काळ येतो. परंतु हे लक्ष्य लहान आणि सतत हलणारे असल्यामुळे नेम थोडा जरी ढळला तरी जबडा तुटून हरिण उपासमारीने मरते. म्हणून अनुभवी शिकारी छातीवर नेम धरतात. हृदय, फुप्फुसे व त्यांच्या मुळाशी असलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या मिळून मध्यम हरणात २० ते २५ सेंमी. व्यासाचे लक्ष्य होते. ते विंधले गेले की, रक्तदाब झपाट्याने उतरतो व मेंदूस प्राणवायू मिळेनासा होतो. यास काही सेकंद लागतातच आणि तेवढ्या अवधीत हरिण ५० ते १०० मी. धावू शकते. याउलट गोळी जठरात किंवा आतड्यांत शिरली, तर ते कित्येक तास जिवंत राहते व फार दूर जाते.

यावरून गोळीकडून दोन गोष्टी अपेक्षित असल्याचे दिसते. पहिली, तिने कातडी, बरगडी व प्रसंगी खांद्याचे हाड भेदून छातीच्या पोकळीत पुरेसे खोल जावे. दुसरी, आत शिरताच तिचे टोक पसरून तिने स्वतःच्या मूळ व्यासाहून पुष्कळ रुंद जखम करावी. या दोन अपेक्षा परस्परविरोधी आहेत. गोळी जितकी पसरेल तितका ऊतकांचा विरोध वाढतो व वेध उथळ होतो. ती मुळीच पसरली नाही, तर आरपार जाते पण मागे पेन्सिलीएवढे छिद्र ठेवून जाते. हरणाची गोळी साधारणतः मूळ व्यासाच्या दीड ते दोन पट पसरावी, असा अनुभवसिद्ध दंडक आहे. पसरलेल्या गोळीचा आकार अळंबीच्या छत्रीसारखा दिसतो.

गोळी शरीराबाहेर पडावी की आतच राहावी, याविषयी शिकाऱ्यांत जुना वाद आहे. ती आत राहिल्यास तिची सर्व गतिज ऊर्जा जनावराच्या शरीरात खर्च होते, असे एका पक्षाचे म्हणणे. हे गणित चुकीचे नाही. पण ऊर्जा किती खर्च झाली, यापेक्षा ती कोणत्या अवयवात व कशा रीतीने खर्च झाली, यास अधिक महत्त्व असते. ३,५०० जूल ऊर्जेची पूर्णावृत लष्करी गोळी व तेवढ्याच ऊर्जेची मऊ टोकाची गोळी यांचे परिणाम अगदी भिन्न असतात. शिवाय बाहेर पडण्याच्या जखमेतून रक्त जमिनीवर सांडते आणि दाट जंगलात जखमी जनावराचा माग त्यावरूनच काढता येतो. हे लक्षात घेता दोन्ही बाजूंना छिद्र पाडणारी गोळी हरणासाठी अधिक इष्ट मानावी लागते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकारीची गोळी म्हणजे मऊ शिशाचा गोल गोळा किंवा, १८४९ नंतर, मिन्ये पद्धतीची बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी असे. काळ्या दारूने मिळणारा वेग मर्यादित असल्यामुळे परिणाम वाढविण्याचा मार्ग एकच होता व तो म्हणजे नळीचा व्यास वाढविणे. मध्य भारतातील जंगलांत नोकरी केलेल्या जेम्स फोर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८६३ मध्ये शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात त्याने मोठ्या व्यासाचा गोल गोळा, भरपूर दारू आणि अतिशय सावकाश फिरणारे आटे यांचा पुरस्कार केला होता. पुढे त्याच शतकात ‘एक्सप्रेस’ रायफली आल्या. त्यांत हलकी, पोकळ टोकाची शिशाची गोळी अधिक वेगाने फेकली जाई. हरणांवर ती उत्तम ठरली. पण गवा किंवा वाघ यांच्या जाड स्नायूंत ती वरच्यावर फुटून जाई. गोळीचे वजन, वेग व रचना यांचा मेळ जनावराशी घातला पाहिजे, हा धडा शिकाऱ्यांस प्रथम येथे मिळाला.

१८८४ मध्ये पॉल व्येय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने धूमविरहित दारू सिद्ध केली व १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने तीवर चालणारी लबेल रायफल स्वीकारली. गोळीचा वेग एकदम वाढला. मात्र एवढ्या वेगाने नळीतून जाताना उघडे शिसे आट्यांवर घासले जाऊन नळीत साचू लागले. स्विस सेनाधिकारी एडुआर्ट रुबीन याने १८८२ च्या सुमारास शिशावर तांब्याचे आवरण चढविलेली गोळी तयार केली होती. तिच्यामुळे ही अडचण दूर झाली. आजही बहुतेक गोळ्यांचे आवरण ९० ते ९५ टक्के तांबे असलेल्या तांबे-जस्त मिश्रधातूचे असते आणि गाभा शिशाचा असून त्यात कठीणपणासाठी थोडे अँटिमनी मिसळलेले असते.

टोकापासून आवरण असलेली ही लहान व्यासाची गोळी युद्धात पुरेशी मारक नाही, अशी तक्रार वायव्य सरहद्दीवरील ब्रिटिश सैन्याने केली. तेव्हा कलकत्त्याजवळील डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने ०·३०३ इंची गोळीच्या टोकावरील आवरण काढून शिसे उघडे ठेवलेली गोळी बनविली. ‘डमडम’ हे नाव त्यावरून जगभर पसरले. १८९९ च्या हेग परिषदेतील घोषणेने शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरविल्या. ही घोषणा केवळ युद्धास लागू आहे; शिकारीचे कायदे बरोबर उलट दिशेने जातात. इंग्लंड व वेल्समध्ये हरणावर झाडावयाची रायफलीची गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची असलीच पाहिजे, असे कायदा सांगतो. अमेरिकेच्या अनेक राज्यांतही पूर्णावृत गोळीने हरिण मारणे गुन्हा आहे. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. युद्धात प्रतिपक्षाचा सैनिक लढण्यास असमर्थ झाला म्हणजे पुरे, त्याचे हाल वाढविण्याचा अधिकार कोणास नाही, हे तत्त्व घोषणेमागे आहे. शिकारीत जनावर मारावयाचेच असते; तेथे अर्धवट जखम हीच क्रूरता होय.

रचनेचे प्रकार : मऊ टोकाची साधी गोळी हा सर्वांत जुना व स्वस्त प्रकार. बुडाकडून आवरण बंद असते आणि टोकाशी शिसे उघडे राहते. आघात होताच शिसे दबते व आवरण पाकळ्यांसारखे मागे वळते. हे पसरणे कोठे थांबावे, हा कारखानदारांपुढील मुख्य प्रश्न होता. आवरण टोकाशी पातळ व बुडाकडे क्रमाने जाड ठेवणे, आवरणाच्या आत गाभा पकडून ठेवणारी कडी ठेवणे असे उपाय योजण्यात आले. रेमिंग्टन कंपनीची १९३९ मधील ‘कोअर-लॉक्ट’ गोळी याच जातीची असून ती आजही खपते. जर्मनीत आवरणाला मध्यावर आतल्या बाजूस घडी घालून गाभ्याचे दोन भाग करण्याची कल्पना निघाली. पुढचा भाग फुटून पसरावा आणि मागचा भाग अखंड राहून खोल जावा, हा तिचा हेतू. अमेरिकेत जॉन नॉस्लर याने याच तत्त्वावर, पण धातूची सलग आडभिंत असलेली गोळी केली. कॅनडात मूसवर झाडलेल्या वेगवान गोळ्या खांद्यावरच फुटून गेल्याचा अनुभव तिच्यामागे होता. ‘पार्टिशन’ या नावाने ती १९४८ पासून विक्रीस आली. मोठ्या हरणांसाठी तिच्याइतका दीर्घकाळ विश्वास फार थोड्या गोळ्यांनी मिळविला आहे.

गाभा व आवरण हे डाख देऊन किंवा उष्णतेने एकजीव केलेल्या सांधित गोळ्या १९६० नंतर प्रचारात आल्या. त्या पसरल्या तरी त्यांचे तुकडे फारसे होत नाहीत व मूळ वजनाचा मोठा हिस्सा टिकून राहतो. १९८० नंतरच्या दशकात टोकाशी प्लॅस्टिकची अणी बसविलेल्या गोळ्या लोकप्रिय झाल्या. ही अणी हवेचा विरोध कमी करते, मॅगझीनमध्ये गोळीचे टोक चेपू देत नाही आणि आघाताच्या वेळी पाचरीसारखी आत घुसून गोळी उघडते. अशा गोळ्यांपैकी पातळ आवरणाच्या गोळ्या लांबून मारताना गुणकारी असल्या, तरी ५० मी.वरून खांद्याच्या हाडावर बसल्यास त्या अकाली फुटतात. त्याच दशकाच्या अखेरीस शिसे मुळीच नसलेली, अखंड तांब्याची पोकळ टोकाची गोळी बाजारात आली. तिचा विचार पुढे केला आहे. कोल्हे किंवा खारी यांसारख्या लहान प्राण्यांसाठी असलेल्या, स्पर्श होताच चुरा होणाऱ्या गोळ्यांचा हरणासाठी विचारही करू नये.

वजन व व्यास : इंग्रजीभाषी देशांत गोळीचे वजन ग्रेन या मापात देतात (१ ग्रेन = ०·०६४८ ग्रॅ.; ७,००० ग्रेन = १ पौंड). एकाच व्यासाच्या गोळ्या निरनिराळ्या वजनांत मिळतात व जड गोळी अर्थातच अधिक लांब असते. गोळीचे पौंडांतील वजन भागिले तिच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, या भागाकारास छेदीय घनता म्हणतात. रचना सारखी असेल, तर ही संख्या जितकी मोठी तितका वेध खोल. ०·३०८ इंच व्यासाच्या १५० ग्रेन गोळीची छेदीय घनता ०·२२६, तर १८० ग्रेन गोळीची ०·२७१ येते. ०·२४३ इंची १०० ग्रेन गोळीची ०·२४२ येते, म्हणजे ही लहान गोळी वेधाच्या बाबतीत पहिलीपेक्षा कमी नाही. मात्र हा आकडा न पसरलेल्या गोळीचा आहे. छत्री उघडल्यावर तो झपाट्याने घटतो. त्यामुळे अलीकडील मजबूत गोळ्यांच्या बाबतीत रचना हीच वजनापेक्षा निर्णायक ठरते.

व्यवहारात १९०६ सालच्या ०·३०-०६ काडतुसात मध्यम हरणासाठी १५० किंवा १६५ ग्रेन (९·७ किंवा १०·७ ग्रॅ.) आणि वापिटी, मूस यांसाठी १८० ग्रेन (११·७ ग्रॅ.) गोळी घेतात. १९२५ मध्ये निघालेल्या ०·२७० विंचेस्टर काडतुसाची कीर्ती सु. ९३० मी./से. वेगाच्या १३० ग्रेन (८·४ ग्रॅ.) गोळीवर उभी आहे. १९५५ सालचे ०·२४३ विंचेस्टर धक्का कमी देते, म्हणून नवशिक्यांस व हलक्या बांध्याच्या व्यक्तींस ते मानवते. हरणासाठी त्यातील ९५ ते १०० ग्रेनची गोळी योग्य, ७० ग्रेनच्या आतील बहुतेक गोळ्या लहान प्राण्यांसाठीच केलेल्या असतात. धक्क्याचा मुद्दा क्षुल्लक मानला जातो, पण तो तसा नाही. चाप ओढताना डोळे मिटणाऱ्या शिकाऱ्याच्या हातातील जबर काडतुसापेक्षा त्याला सोसणारे सौम्य काडतूस हरणाच्याही दृष्टीने बरे.

गोळीची लांबी आणि नळीतील आट्यांचा पीळ यांचा मेळ बसला नाही तर काय होते, याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. १९५५ मध्येच रेमिंग्टन कंपनीने ०·२४४ रेमिंग्टन हे काडतूस काढले. गोळीचा व्यास विंचेस्टरच्या काडतुसाइतकाच होता व दारूची क्षमता थोडी अधिकच होती. परंतु ते प्रामुख्याने लहान प्राण्यांसाठी उपयोगात येईल, असे गृहीत धरून नळीत १२ इंचांस एक फेरा असा सैल पीळ ठेवला गेला. विंचेस्टरने १० इंचांस एक फेरा दिला होता. परिणामी १०० ग्रेनची लांब अणकुचीदार गोळी रेमिंग्टनच्या नळीतून स्थिर जात नसे आणि एकाच रायफलीने लहान प्राणी व हरिण दोन्ही मारू इच्छिणाऱ्या ग्राहकाने तिच्याकडे पाठ फिरविली. १९६३ मध्ये कंपनीने ९ इंचांस एक फेरा ठेवून तेच काडतूस ६ मिमी. रेमिंग्टन या नावाने पुन्हा आणले. पण तोवर बाजार विंचेस्टरकडे गेला होता.

वेग व अंतर : प्रत्येक पसरणारी गोळी एका ठराविक वेगमर्यादेतच नीट काम करते. बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत खालची मर्यादा आघाताच्या वेळी सु. ५५० ते ६०० मी./से. धरतात, त्याहून वेग कमी झाला, तर टोक उघडत नाही. वरची मर्यादा ओलांडली, तर गोळी फुटते, जखम उथळ राहते व मांस रक्ताने माखून खाण्यास निरुपयोगी होते. १८९५ मध्ये विक्रीस आलेले ०·३०-३० विंचेस्टर काडतूस १५० ग्रेनची गोळी केवळ ७३० मी./से.च्या आसपास वेगाने फेकते. तिच्यासाठी मुद्दाम अधिक मऊ गोळी बनवितात व १५० मी.च्या आतील जंगली शिकारीत ती शतकाहून अधिक काळ उपयोगी पडत आली आहे. तीच मऊ गोळी १९६३ सालच्या ०·३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या जबर काडतुसात भरली, तर जवळून मारलेल्या हरणाच्या खांद्यावर ती चक्काचूर होईल. व्यास तोच असला, तरी गोळी तीच चालत नाही, ती अशी.

०·३०-३०च्या पारंपरिक गोळीचे टोक चपटे असते, यालाही कारण आहे. ज्या रायफलींत ही काडतुसे वापरतात त्यांच्या नळीखालील नलिकाकार मॅगझीनमध्ये ती एकामागे एक राहतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीला टेकलेले असते. टोक अणकुचीदार व कठीण असेल, तर रायफलीच्या धक्क्याने पुढचे काडतूस मॅगझीनमध्येच उडण्याचा धोका असतो. अलीकडे लवचिक रबरी टोकाच्या गोळ्या निघाल्यामुळे ही अडचण कमी झाली आहे.

अणकुचीदार टोक व निमुळते बूड असलेली गोळी हवेत वेग कमी गमावते आणि वाऱ्याने कमी ढळते. परंतु २०० मी.च्या आत याने पडणारा फरक नगण्य असतो. ०·३०-०६च्या १५० ग्रेन गोळीसाठी रायफल १८० मी.वर जुळविली असता, १०० मी.वर गोळी नेमाच्या सु. ५ सेंमी. वर आणि २७० मी.वर सु. २० सेंमी. खाली लागते. छातीचे लक्ष्य २०-२५ सेंमी.चे असल्याने सामान्य शिकाऱ्याने कोठे थांबावे, हे या आकड्यांवरूनच उमगते. जड, बोथट गोळी झुडपांतून सरळ जाते ही समजूतही टिकणारी नाही. फांदीला घासलेली कोणतीही गोळी ढळते. झुडपाआडच्या हरणावर गोळी झाडू नये, एवढेच यावर उत्तर आहे. नेम चुकलेली गोळी तीन ते पाच किमी.पर्यंत जाऊ शकते, म्हणून हरणामागे मातीचा बांध किंवा चढ असल्याखेरीज चाप ओढू नये, हा नियम सर्व शिकारी देशांत शिकविला जातो.

कायदेशीर किमान मर्यादा : गोळीची निवड काही देशांत सर्वस्वी शिकाऱ्यावर सोडलेली नाही. इंग्लंड व वेल्ससाठी असलेल्या १९९१ च्या हरिण अधिनियमानुसार रायफलीचा व्यास किमान ०·२४० इंच (६·१ मिमी.) व नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १,७०० फूट-पौंड (सु. २,३०५ जूल) असावी लागते, मुंटजॅक व चिनी जलमृग या लहान जातींसाठी ही मर्यादा शिथिल आहे. स्कॉटलंडमध्ये १९८५ च्या आदेशाने रो हरणासाठी किमान ५० ग्रेन वजन व १,००० फूट-पौंड ऊर्जा, इतर हरणांसाठी १०० ग्रेन व १,७५० फूट-पौंड आणि दोन्हींसाठी २,४५० फूट/से. (सु. ७४७ मी./से.) वेग असे किमान आकडे ठरविले होते. २०२३ मध्ये यांपैकी १०० ग्रेनची मर्यादा ८० ग्रेनवर आणण्यात आली. ही सवलत का द्यावी लागली, हे शिशाच्या प्रश्नाकडे वळल्यावर कळते.

शिशाचा प्रश्न : पसरताना शिशाच्या गोळीचे असंख्य सूक्ष्म कण सुटतात. क्ष-किरण छायाचित्रांत ते जखमेच्या मार्गापासून कित्येक सेंमी. दूरवर मांसात विखुरलेले दिसतात. डोळ्यांना वा जिभेला ते जाणवत नाहीत. शिकारी हरणाची आतडी जंगलात टाकून देतो व ती गिधाडे, गरुड यांच्या खाण्यात येतात. पक्ष्यांच्या जठरातील तीव्र अम्लात शिसे विरघळते आणि एखादा लहानसा कणही त्यांस घातक ठरू शकतो. कॅलिफोर्नियातील काँडॉर या महाकाय गिधाडाची संख्या १९८२ मध्ये अवघी २२ उरली होती. उरलेसुरले पक्षी १९८७ पर्यंत पकडून बंदिस्त पैदास करण्यात आली व पुढे पिल्ले रानात सोडली; पण सोडलेले पक्षीही शिशाच्या विषबाधेने मरू लागले. कॅलिफोर्निया राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिसेयुक्त गोळ्यांस बंदी केली. जपानच्या होक्काइडो बेटावर समुद्री गरुड याच कारणाने मरत असल्याचे आढळल्यावर तेथे सिका हरणाच्या शिकारीत शिशाच्या रायफल-गोळ्या २००० पासूनच बंद करण्यात आल्या. माणसांच्या बाबतीत लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या जनावराचे मांस टाळावे, असा सल्ला अनेक देशांतील अन्नसुरक्षा यंत्रणा देतात.

अखंड तांब्याची गोळी आपले जवळजवळ सर्व वजन टिकवून ठेवते व खोल जाते. तथापि शिशाच्या जागी तांबे घातले की काम संपले, असे होत नाही. शिशाची सापेक्ष घनता ११·३ व तांब्याची ९·० असल्यामुळे सारख्या वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. तिला अधिक घट्ट पीळ लागतो व जुन्या नळ्यांतून ती स्थिर जाईलच असे नाही. ०·२४३ इंच व्यासात १०० ग्रेनची तांब्याची गोळी बहुतेक रायफलींना पेलत नाही, ८० ग्रेनची पेलते. स्कॉटलंडने मर्यादा खाली आणली ती यामुळे. तांबे शिशाहून कठीण असल्याने गोळी उघडण्यास वेगही अधिक लागतो. म्हणून तांब्याकडे वळताना शिकाऱ्याने नेहमीच्या वजनाहून एक पायरी हलकी गोळी घ्यावी व तिचा वेग जेथवर पुरेल तेथवरच मारा करावा. या गोळ्या महाग आहेत, ही तक्रार खरी आहे; पण वर्षाकाठी हरणावर झाडल्या जाणाऱ्या गोळ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.

कोणतीही गोळी निवडली तरी ती त्याच रायफलीतून कागदी लक्ष्यावर झाडून पाहणे अपरिहार्य असते. एकाच कारखान्याच्या व एकाच नमुन्याच्या दोन रायफली एकच काडतूस सारखे मारीत नाहीत. आट्यांतील सूक्ष्म फरक व नळीची कंपने ही त्याची कारणे होत. १०० मी.वर तीन ते पाच गोळ्या चारपाच सेंमी.च्या वर्तुळात बसल्या, तर हरणासाठी ती अचूकता पुरेशी होय. त्याहून लहान वर्तुळासाठी फुटणारी, पण नेमकी जाणारी गोळी पसंत करणे हा हौशी शिकाऱ्यांचा नेहमीचा प्रमाद आहे. गोळीचे शरीरातील वर्तन अजमावण्यासाठी कारखाने १० टक्के जिलेटिनाचे ठोकळे वापरतात. त्यात हाडे व कातडी नसल्याने निष्कर्ष केवळ तुलनात्मक समजावेत.

भारत : संस्थानी व ब्रिटिश काळात सांबर, चितळ यांची शिकार सर्रास चाले व तीत ७ मिमी. मौझर (इंग्लंडमधील रिग्बी कंपनीने त्यास ०·२७५ असे नाव दिले) यांसारखी मध्यम काडतुसे वापरात होती. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर हरणांची शिकार बंद झाली असून मानवी जीवितास किंवा पिकांस धोका निर्माण झाल्यास कायद्याने ठरवून दिलेल्या परवानगीनेच वन्य प्राणी मारता येतो. ०·३०३ इंच हे लष्करी काडतूस नागरिकांस निषिद्ध असल्यामुळे भारतीय आयुध निर्माणींनी ०·३१५ इंच (८ मिमी.) व्यासाची शिकारी रायफल व तिची मऊ टोकाची जड गोळी तयार केली. परवानाधारक शेतकऱ्यांकडे प्रामुख्याने हीच रायफल आढळते आणि परवानगीने होणाऱ्या रानडुक्कर व नीलगाय यांच्या निर्मूलनात ती वापरली जाते. [→ काडतूस, बंदूक, रायफल, वन्य जीवांचे आश्रयस्थान, शिकार].